लोकापवाद आणि स्वधर्म : झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई

आपले कर्तव्य कोणते हे कळणे मनुष्यास कठीण आहे. ते कळल्यावर चारचौघांच्या संशयापुढे न डगमगता आचरणे त्याहूनही कठीण आहे. शत्रूचा विरोध मनुष्य सोसू शकतो, कारण तो अपेक्षितच असतो. परंतु ज्यांच्या शब्दास आपण मान देतो असे वडीलधारे, आप्तेष्ट, शास्त्री आणि शेजारीपाजारी जेव्हा आपल्या मार्गाविषयी मान हलवू लागतात, तेव्हा भल्याभल्यांचा निश्चय ढळतो. अशा वेळी आपला निश्चय हा कर्तव्यबुद्धीचा आहे की केवळ हट्ट आहे, हे ओळखावे कसे? या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या जीवनात स्पष्ट दिसते अशा थोर व्यक्तींपैकी झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाईसाहेब या एक होत.

त्यांच्या रणशौर्याची कथा लहान मुलांसही ठाऊक आहे. परंतु तलवार हाती घेण्यापूर्वी चार वर्षे या तरुण विधवेने आपल्या वाड्यात जो मूक संग्राम केला, त्याची कथा तितकीशी सांगितली जात नाही. या लेखात विशेषेकरून तिचाच विचार करावयाचा आहे.

बाईसाहेबांचा जन्म काशीक्षेत्री झाला. इ. स. १८२८ हे त्यांचे जन्मवर्ष सामान्यतः मानले जाते. वडील मोरोपंत तांबे हे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे बंधू चिमाजीअप्पा यांच्या पदरी होते. १८१८ साली पेशवाई बुडाल्यानंतर अनेक महाराष्ट्रीय कुटुंबे आपल्या धन्यांबरोबर गंगातीरी येऊन राहिली, त्यांतलेच हे एक. गंगेवरील सुप्रसिद्ध घाटाचेच नाव कन्येस मिळाले, मणिकर्णिका. घरात तिला मनू म्हणत. मातोश्री भागीरथीबाई मुलगी अगदी लहान असतानाच निवर्तल्या. चिमाजीअप्पांच्या निधनानंतर मोरोपंत पोर घेऊन ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूर येथे, बाजीरावसाहेबांच्या आश्रयास गेले.

आईवेगळ्या मुलीला बापाच्या सहवासात पुरुषमंडळीतच वाढावे लागले. त्यामुळे त्या काळच्या मुलींस सहसा न लाभणारे शिक्षण मनूला सहज लाभले. पेशव्यांच्या दत्तक पुत्रांबरोबर ती लिहिण्यावाचण्यास बसे, घोड्यावर मांड टाकण्यास आणि तलवार फिरविण्यास शिके. जे इतरांस विलक्षण वाटे ते तिला बाळपणापासून स्वाभाविक होऊन गेले होते.

१८४२ साली झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी तिचा विवाह झाला आणि सासरी तिचे नाव लक्ष्मीबाई असे ठेवण्यात आले. नेवाळकरांचे घराणे मूळचे कोकणातले. पेशव्यांचे सुभेदार म्हणून रघुनाथ हरी नेवाळकर यांनी अठराव्या शतकात झाशीचा कारभार हाती घेतला आणि पुढे ती सत्ता त्यांच्या कुळात वंशपरंपरा चालत आली. ओरछाच्या वीरसिंहदेवाने टेकडीवर बांधलेला किल्ला, त्याच्या पायथ्याशी तटबंदीचे शहर, लक्ष्मीतालाच्या काठी कुलदेवता महालक्ष्मीचे मंदिर आणि बुंदेलखंडात मराठी बोलणारी शेकडो घरे, असे ते झाशीचे वैभव होते. गंगाधरराव नाट्यकलेचे षोकी आणि ग्रंथांचे मोठे संग्राहक होते. वेद, शास्त्रे, पुराणे आणि त्यांवरील भाष्ये यांच्या पोथ्या त्यांच्या ग्रंथालयात जपून ठेवलेल्या होत्या.

१८५१ साली राजदंपतीस पुत्र झाला, परंतु तो तीनचार महिन्यांचा होऊन गेला. त्या दुःखाने खचलेले गंगाधरराव १८५३ च्या शरद ऋतूत अंथरुणास खिळले. २० नोव्हेंबर १८५३ रोजी त्यांनी भाऊबंदांतील वासुदेवराव नेवाळकर यांचा पाच वर्षांचा पुत्र आनंदराव यास यथाशास्त्र दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले. या प्रसंगी कंपनी सरकारचे अधिकारी मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन समक्ष हजर होते. दुसऱ्या दिवशी महाराजांनी देह ठेवला. बाईसाहेबांचे वय त्या वेळी पंचविशीच्या घरात होते.

येथून त्यांच्या जीवनातील खऱ्या कसोटीस प्रारंभ झाला. लॉर्ड डलहौसी तेव्हा गव्हर्नर जनरल होता. औरस पुत्र नसलेली संस्थाने खालसा करावयाची असे त्याचे धोरण होते. १८४८ साली सातारा याच न्यायाने गेले होते आणि नागपूरचीही तीच वाट लागत होती. दत्तकास बापाची खासगी मालमत्ता मिळेल, राज्य मिळणार नाही, असा त्याचा सिद्धान्त होता. आपल्या धर्मशास्त्राच्या दृष्टीने हा भेदच निराधार आहे. दत्तक पुत्र पिंडदानाचा जसा अधिकारी, तसाच वडिलांच्या सर्व दायाचाही अधिकारी होतो. अर्धे पुत्रत्व अशी वस्तू शास्त्रात नाही.

बाईसाहेबांनी ही गोष्ट अचूक ओळखली. रडत बसण्याऐवजी त्यांनी सरकारकडे खलिते पाठविले. त्यांत विनवणीपेक्षा युक्तिवाद अधिक होता. नेवाळकरांशी कंपनीने केलेले पूर्वीचे करारमदार, त्या घराण्याने वेळोवेळी केलेले साह्य आणि शेजारच्या दतिया, ओरछा इत्यादी संस्थानांत मान्य झालेली दत्तविधाने, यांचे दाखले त्यांनी क्रमवार मांडले. मेजर एलिस यांचे मतही त्यांना अनुकूल होते. परंतु कलकत्त्यास निर्णय आधीच ठरून गेला होता. फेब्रुवारी १८५४ अखेर झाशी खालसा करण्याचा हुकूम झाला. राणीस मासिक पाच हजार रुपये वर्षासन ठरले आणि किल्ला सोडून शहरातील वाड्यात राहण्याची आज्ञा झाली.

त्या वेळी दरबारातील अनेक जाणत्या मंडळींना असे वाटत होते की आता देवाने दिले ते पदरात घ्यावे आणि ईश्वरचिंतनात काळ घालवावा. हा सल्ला वाईट हेतूचा नव्हता. बलाढ्य सत्तेपुढे एका विधवेने काय करावे, असा त्यांचा प्रामाणिक प्रश्न होता. परंतु बाईसाहेबांनी जॉन लँग नामक वकिलास आग्र्याहून पाचारण केले. तो इंग्रजांच्या न्यायालयांत कंपनीविरुद्ध दावे लढविण्याविषयी प्रसिद्ध होता. १८५४ साली तो झाशीस आला तेव्हा बाईसाहेब पडद्याआड बसून बोलल्या. छोट्या दामोदररावाने एकाएकी पडदा बाजूस सारला आणि त्या परकी पाहुण्यास शुभ्र वस्त्रे परिधान केलेली राणी क्षणभर दिसली, असे त्याने लिहून ठेवले आहे. वर्षासन घ्यावे आणि विलायतेस अर्ज करीत राहावे असा सल्ला त्यानेही दिला. झाशी आपण देणार नाही, हे बाईसाहेबांनी त्यास निक्षून सांगितले. अर्ज विलायतेस गेला आणि फेटाळला गेला. प्रारंभी नाकारलेले वर्षासन पुढे निर्वाहासाठी घेणे त्यांना भाग पडले, आणि पतीच्या कर्जाची रक्कम त्यातूनच कापून घेण्याचे सरकारने ठरविले. महालक्ष्मीच्या मंदिराकडे असलेली गावे जप्त झाली, शहरात गोवध होऊ लागला; या दोन्ही गोष्टींविरुद्ध त्यांनी केलेल्या तक्रारी व्यर्थ गेल्या.

असो. राज्य गेले, अर्ज फेटाळले गेले. आता या बाईने काय करावे अशी लोकांची अपेक्षा होती? त्या काळच्या ब्राह्मण कुळातील विधवेचा मार्ग रूढीने आखून दिलेला होता. केशवपन करावे, एका कोनाड्यात जपमाळ घेऊन बसावे आणि लोकांच्या दृष्टीआड उरलेले आयुष्य कंठावे. बाईसाहेबांनी केशवपन केले नाही. त्या पहाटे उठून व्यायाम करीत, घोडा फेरीत, मलखांबासारख्या पुरुषी कसरती करीत. पुढे राज्याचा भार आल्यावर त्या कधी कधी पायजमा, अंगरखा, डोक्यास फेटा आणि कमरेस तलवार अशा पोषाखात दरबारी येत. हे सर्व पाहून शहरातील शास्त्री-पंडितांच्या आणि सोवळ्या बायकांच्या मनात काय आले असेल, हे वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही.

परंतु येथेच एक गोष्ट लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. पेण तालुक्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे नामक भिक्षुक त्या सुमारास उत्तर हिंदुस्थानात गेले होते आणि झाशीस बाईसाहेबांच्या आश्रयास राहिले होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ १९०७ साली छापला गेला. त्यात त्यांनी बाईसाहेबांची दिनचर्या डोळ्यांनी पाहून वर्णिली आहे. त्यावरून कळते की बाईसाहेब स्नान करून पांढरे शुभ्र चंदेरी पातळ नेसत आणि आसनावर बसल्यावर प्रथम केशवपन न केल्याबद्दलच्या प्रायश्चित्ताचे, तीन कृच्छ्रांचे, उदक सोडीत. नंतर तुळशीची पूजा, त्यानंतर पार्थिव शिवलिंगाची पूजा, असा त्यांचा क्रम असे.

कृच्छ्र म्हणजे काय, हे हल्लीच्या वाचकांपैकी सर्वांस ठाऊक असेलच असे नाही. प्राजापत्य कृच्छ्र हे बारा दिवसांचे व्रत आहे. तीन दिवस केवळ सकाळी जेवावे, तीन दिवस केवळ सायंकाळी, तीन दिवस न मागता मिळेल तेवढेच खावे आणि शेवटचे तीन दिवस निराहार राहावे. ज्याला ते व्रत प्रत्यक्ष आचरणे शक्य नाही त्याच्यासाठी गोदान, द्रव्यदान, जप असे प्रत्याम्नाय, म्हणजे पर्याय, शास्त्रकारांनी सांगून ठेवले आहेत. बाईसाहेब हे प्रायश्चित्त नित्य करीत.

या एका आचारात त्यांच्या मनाची ठेवण स्पष्ट दिसते. रूढी मला मान्य नाही म्हणून तिची थट्टा करावी, अशी त्यांची वृत्ती नव्हती. लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकून चोरून मोकळीक घ्यावी, अशीही नव्हती. पुत्राचे राज्य राखणे आणि प्रजेचे पालन करणे हे आपले आद्य कर्तव्य आहे, हे त्यांनी मनाशी ठरविले होते. मुंडित मस्तकाने कोनाड्यात बसून ते कर्तव्य घडणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी एक नियम बाजूस ठेवला आणि त्याचे जे मोल शास्त्राने सांगितले ते रोज, उघडपणे, काही न कुरकुरता भरले. नियम मोडणारे पुष्कळ असतात. मोडलेल्या नियमाची किंमत रोज स्वतः चुकविणारे विरळा.

त्यांची धर्मनिष्ठा या पूजेपुरतीच नव्हती. अकराशे वेळा रामनाम कागदावर लिहून, ते कणकेच्या गोळ्यांत घालून माशांस खाऊ घालण्याचा त्यांचा नेम होता. सायंकाळी पुराणश्रवण चाले. एके वर्षी थंडीच्या दिवसांत महालक्ष्मीच्या दर्शनाहून परतताना वाटेत भिकाऱ्यांचा मोठा जमाव आरडाओरड करीत उभा राहिला. ते लोक थंडीने गारठून गेले आहेत असे कळताच त्यांनी शहरातील सर्व गोरगरिबांस टोप्या, कापसाच्या बंड्या आणि घोंगड्या वाटण्याचा हुकूम केला. शहरातले शिंपी त्या कामाला लागले आणि ठरल्या दिवशी हजारो दरिद्री लोकांस ते कपडे मिळाले, असे गोडसे भटजी सांगतात.

जून १८५७ मध्ये झाशीच्या पलटणीने बंड केले. किल्ल्यात आश्रयास गेलेले इंग्रज स्त्रीपुरुष आणि मुले शरण आली असता ८ जून रोजी जोखनबागेत त्यांची कत्तल झाली. ही गोष्ट निंद्य होती, आणि तिच्यात बाईसाहेबांचा हात होता असा संशय इंग्रजांनी पुढे धरला. परंतु त्याचा पुरावा पुढील अनेक इतिहासकारांस आढळला नाही. बंडवाल्यांनी तर खुद्द बाईसाहेबांकडूनच धाकदपटशाने पैसा काढला आणि ते दिल्लीकडे चालते झाले. सागरचे कमिशनर अर्स्किन यांना बाईसाहेबांनी घडला वृत्तान्त कळविला, आणि नवा अधिकारी येईपर्यंत झाशीचा कारभार पाहावा असे त्यांनी राणीस लिहून दिले.

येणेप्रमाणे ज्या राज्यासाठी चार वर्षे अर्ज केले ते राज्य अकस्मात हाती आले; पण तिजोरी रिकामी, फौज नाही, आणि शेजारी टपलेले. बाई माणूस राज्य करू शकत नाही, या समजुतीने पहिला डाव टाकला तो घरच्याच माणसाने. पारोळ्याचे सदाशिवराव नेवाळकर यांनी करेऱ्याचा किल्ला घेऊन स्वतःस झाशीचे महाराज म्हणविले. बाईसाहेबांनी फौज पाठवून त्यांचा मोड केला आणि त्यांना कैद केले. पाठोपाठ ओरछाचा दिवाण नथेखान मोठे सैन्य घेऊन चालून आला. किल्ल्यावरील तोफा तेव्हा जुन्यापुराण्या अवस्थेत होत्या. बाईसाहेबांनी त्या दुरुस्त करून बुरुजांवर चढविल्या, स्वतः तटावर उभ्या राहिल्या आणि नथेखानास माघार घ्यावयास लावली. ज्यांनी संशयाने मान हलविली होती त्यांनीच आता मान तुकविली.

त्यांचे राज्य जेमतेम दहा महिने चालले. रोज दुपारी त्या कचेरीत बसत, फिर्यादी ऐकत, निकाल सांगत, आणि प्रसंगी हुकूम स्वतःच्या हाताने लिहीत. घोड्यांची त्यांची पारख नामांकित होती. एका सौदागराच्या दोन सारख्याच उमद्या दिसणाऱ्या घोड्यांपैकी एकास त्यांनी हजार रुपये किंमत केली आणि दुसऱ्यास अवघे पन्नास, कारण त्याच्या छातीस आतून दुखापत होती हे त्यांनी ओळखले. सौदागरास ते कबूल करावे लागले, अशी गोष्ट सांगतात. बाह्य रूपावरून किंमत ठरवू नये, हा धडा त्यांना स्वतःच्या आयुष्यानेही पुरेपूर शिकविला होता.

त्यांचा दुसरा विलक्षण विचार स्त्रियांविषयीचा होता. वाड्यातील दासी आणि शहरातील स्त्रिया यांना त्यांनी घोड्यावर बसणे आणि शस्त्र चालविणे शिकविले. मुंदर, सुंदर, काशीबाई, मोतीबाई आणि कोरी समाजातील शूर झलकारीबाई यांची नावे बुंदेलखंडात आजही आदराने घेतली जातात. बायकांनी चूल सोडून बंदूक धरावी, ही कल्पना त्या काळी हास्यास्पद वाटणारी होती. पण वेढा पडला तेव्हा तिची परीक्षा झाली.

२१ मार्च १८५८ च्या सुमारास सर ह्यू रोझ याची फौज झाशीपुढे येऊन ठेपली. शत्रूस दाणावैरण मिळू नये म्हणून बाईसाहेबांनी शहराभोवतीचा मुलूख आधीच उजाड करून ठेवला होता. दिवसा तोफांनी तट पडावा आणि रात्री तो पुन्हा उभा राहावा, असा क्रम चालू झाला. त्या कामात स्त्रिया चुना-दगड वाहत होत्या, दारूगोळा पोहोचवीत होत्या, तोफांपाशी राबत होत्या. खुद्द इंग्रज लेखकांनीच हे आश्चर्याने नोंदवून ठेवले आहे. गुलाम गौस खान या निष्ठावंत गोलंदाजाच्या तोफांनी शत्रूस बेजार केले. हिंदू आणि मुसलमान, ब्राह्मण आणि कोरी, स्त्री आणि पुरुष, सर्व एका तटावर उभे होते.

तात्या टोपे सुमारे वीस हजार सैन्य घेऊन साह्यास आले, परंतु १ एप्रिल रोजी बेतवेच्या काठी त्यांचा पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रज शहरात घुसले. त्यानंतर जी कत्तल आणि लूट झाली तिचे वर्णन वाचवत नाही. गंगाधररावांच्या प्रिय ग्रंथालयाचीही धूळधाण झाली. आगीच्या ज्वाळा आणि प्रजेचा आक्रोश पाहून बाईसाहेबांचे धैर्य त्या एका प्रसंगी ढळले. दारूच्या कोठारास बत्ती देऊन प्राणत्याग करावा, असे त्यांच्या मनात आले. तेव्हा एका वृद्ध सेवकाने त्यांची समजूत घातली की आत्मघात हे पातक आहे, आणि जिवंत राहून झुंजणे हाच त्यांचा मार्ग आहे. बाईसाहेबांनी ते ऐकले. सबंध शहराच्या विरोधाने जो निश्चय बदलला नसता, तो एका सामान्य वृद्धाच्या योग्य शब्दाने त्यांनी बदलला. हट्टी मनुष्यास हे साधत नाही.

बाल दामोदररावास पाठीशी बांधून, रात्री वेढा फोडून त्या बाहेर पडल्या, आणि पाठलाग करणाऱ्या इंग्रज स्वारांशी वाटेत झुंजून, सुमारे शंभर मैलांची मजल मारून काल्पीस पोहोचल्या. मागे राहिलेले त्यांचे वडील मोरोपंत पुढे इंग्रजांच्या हाती सापडले आणि फाशी गेले.

याच धावपळीच्या दिवसांत काल्पीच्या वाटेवर गोडसे भटजींस त्यांचे पुन्हा दर्शन घडले. पहाटेची वेळ होती. भटजी विहिरीवर पाणी काढीत असता काही स्वार आले. त्यांत धुळीने माखलेली, पठाणी वेषातील, चेहरा म्लान झालेली एक व्यक्ती होती, त्याच बाईसाहेब. त्यांना तहान लागली होती. भटजी पाणी काढून देऊ लागले, परंतु विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी कष्ट करावे हे त्यांना रुचले नाही. त्यांनी स्वतः मडके आत सोडले आणि ओंजळीने पाणी पिऊन तहान भागविली. मग त्या निराशेने जे बोलल्या त्याचा आशय भटजींनी जतन करून ठेवला आहे. त्यांच्यासारख्या विधवेच्या पोटास मूठभर तांदूळ पुरे होते. विधवेचा आचार सोडून हा उद्योग करण्याची त्यांना स्वतःसाठी काहीच गरज नव्हती. धर्माचा अभिमान धरून त्या या कार्यास प्रवृत्त झाल्या, त्यासाठी सर्व आशा सोडली, आणि तरीही ईश्वराने युद्धात यश दिले नाही, याची त्यांना खंत होती.

वाचकहो, हे उद्गार जयघोषाच्या वेळचे नाहीत. सिंहासन गेलेले, शहर जळालेले, आप्त दुरावलेले आणि उद्याचा भरवसा नाही, अशा वेळचे ते आहेत. लोकांनी घेतलेला आक्षेप त्यांना पूर्ण ठाऊक होता. विधवाधर्म सोडला हे त्यांनी स्वतःच बोलून दाखविले. परंतु सोडला तो कशासाठी, याचे उत्तर त्यांच्यापाशी स्वच्छ होते. फल मिळाले नाही म्हणून त्यांनी कर्तव्य चुकले असे मानले नाही, आणि घोड्यावर बसून त्या पुढे निघाल्या. फलाची आसक्ती न ठेवता विहित कर्म करावे, ही गीतेची शिकवण आपण नित्य पठण करतो. त्या विहिरीच्या काठी ती मूर्तिमंत उभी होती.

काल्पीस पेशव्यांचे प्रतिनिधी रावसाहेब आणि इतर सरदार जमले होते. सैन्यास शिस्त लावावी, व्यवस्था नीट ठेवावी, असे बाईसाहेबांचे सांगणे होते. पण एका स्त्रीच्या सल्ल्यास प्रमुखांकडून पुरते महत्त्व मिळाले नाही. मे महिन्यात कोंच आणि काल्पी येथे पराभव झाले. नंतर ग्वाल्हेर घेण्याचा धाडसी बेत ठरला. १ जून रोजी शिंद्यांची फौज पेशव्यांस मिळाली आणि ग्वाल्हेर हाती आले. विजयाच्या आनंदात रावसाहेब मेजवान्या आणि दानधर्मात गुंतले. शत्रू येण्यापूर्वी सैन्य सज्ज करा, हा बाईसाहेबांचा इशारा पुन्हा मागे पडला. ब्राह्मणभोजन पुण्यप्रद खरे. परंतु शत्रू वेशीपाशी असता राजाचे पुण्य तटावर असते, हे त्या जाणत होत्या.

१६ जूनला इंग्रजांनी मुरार घेतले. आपला सल्ला मानला गेला नाही म्हणून रुसून बाजूस होणे बाईसाहेबांस सहज शक्य होते. परंतु ज्या बाजूचे रक्षण त्यांच्याकडे आले, ते त्यांनी प्राणपणाने केले. ग्वाल्हेरजवळ कोट्याच्या सराईच्या परिसरात इंग्रज घोडदळाशी लढताना त्या घायाळ होऊन पडल्या. बाबा गंगादास यांच्या मठीपाशी त्यांच्या देहास अग्नी देण्यात आला. १८ जून हा दिवस त्यांची पुण्यतिथी म्हणून पाळला जातो, आणि फुलबागेजवळ त्यांची समाधी आहे. त्यांच्याविरुद्ध लढलेल्या ह्यू रोझनेही बंडाच्या पुढाऱ्यांत शूर आणि श्रेष्ठ म्हणून त्यांचाच गौरव केला. दामोदररावांनी पुढे इंदुरास अल्पशा तनख्यावर दिवस काढले. १९०६ साली ते वारले.

लौकिक दृष्टीने पाहता बाईसाहेबांना काय मिळाले? झाशी परत मिळाली नाही. पुत्रास गादी मिळाली नाही. तरीही १९४३ साली नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी सिंगापुरास आझाद हिंद सेनेत स्त्रियांचे पथक उभारले, तेव्हा त्यास झाशीच्या राणीचेच नाव दिले. ज्या कल्पनेस एके काळी लोक हसले होते, ती पंचाऐंशी वर्षांनी सहस्रावधी योजने दूर असलेल्या मुलींस स्फूर्ती देऊन गेली.

आता प्रारंभी काढलेल्या प्रश्नाकडे वळू. कर्तव्यनिष्ठा आणि हट्ट यांतील भेद ओळखावा कसा? बाईसाहेबांच्या चरित्रातून चार खुणा हाती लागतात. पहिली, आपल्या निश्चयाने आपल्या स्वतःच्या सुखाची सोय होत असेल तर त्याविषयी साशंक असावे. त्यांच्या निश्चयाने त्यांचे सर्व सुख हिरावून नेले. दुसरी, जो नियम मोडावा लागला त्याचे मोल आपणच भरावे, ते दुसऱ्याच्या माथी मारू नये. तिसरी, योग्य उपदेश कोणाच्याही मुखातून आला तरी ऐकावा. चौथी, आपले म्हणणे मानले गेले नाही तरी हाती आलेले काम टाकू नये.

आपणा संसारी माणसांवर राज्य राखण्याचा प्रसंग येत नाही. परंतु मुलीस शिकवावे की नाही, विधवा सुनेस सन्मानाने वागवावे की नाही, हुंडा नाकारावा की नाही, मिळकतीचा लोभ सोडून भावास न्याय द्यावा की नाही, असे प्रसंग प्रत्येक घरात येतात, आणि त्या वेळी लोक काय म्हणतील हा प्रश्न उंबरठ्यात उभा राहतो. तेव्हा या चार खुणांवर आपला विचार घासून पाहावा. तो खोटा ठरला तर नम्रपणे सोडून द्यावा. खरा ठरला तर देवापुढे दिवा लावून, कोणाविषयी कटुता न धरता, शांत चित्ताने त्याचे आचरण करावे. यश देणे न देणे ईश्वराच्या हाती आहे.